जुन्या एमटीबीचं काय करायचं: ठेवा, विका की रूप बदला?

ठरवायला बसण्याआधी एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे खडबडीत रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल) जिन्याखालून बाहेर काढा, ओल्या फडक्याने पुसा, दोन्ही चाकांत हवा भरा आणि चार वस्तू जवळ ठेवा: लोहचुंबक, स्टीलची मोजपट्टी, दोऱ्याचं रीळ आणि खडू. फ्रिजवर चिकटवायचं चुंबकही चालतं. सायकल किती वर्षांची आहे हा प्रश्न सध्या बाजूला राहू द्या. फ्रेम धड असेल तर वीस वर्षांची सायकल निवांत चालते. उलट तीनच वर्षांची चकचकीत डबल शॉकअपवाली पहिल्याच मोठ्या दुरुस्तीत स्वतःच्या किमतीएवढं बिल काढू शकते.

ती चालणार कुठे, हे मात्र आधी ठरवा. सांगली-मिरज रस्त्याने कामाला जायचं असेल तर निम्मे गिअर बंद असले तरी अडत नाही. साताऱ्यात तसं नाही. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेलं, समर्थ मंदिर ओलांडलं की यवतेश्वरचा घाट सुरू, आणि कासचं पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर, म्हणजे शहरापेक्षा साधारण साडेचारशे मीटर वर. चढताना गिअर आणि उतरताना ब्रेक, या दोन गोष्टींवर इथे सायकलची लायकी ठरते. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

फ्रेम: इथे नापास तर पुढे खर्च नको

चुंबक फ्रेमला लावा. चिकटलं तर स्टील, नाही चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियम, ज्याला दुकानात अलॉय म्हणतात. हे कळणं महत्त्वाचं, कारण स्टीलची चीर चांगला गॅस वेल्डिंगवाला पितळेने भरून देऊ शकतो. अ‍ॅल्युमिनियमला चीर गेली की ती फ्रेम संपली. ही फ्रेम कारखान्यात वेल्ड झाल्यावर भट्टीत तापवून कडक केलेली असते. नंतर केलेल्या वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचा भाग पुन्हा मऊ पडतो. ‘अर्गॉनने मारून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांचा जोड दिसतो सुरेख, पण फ्रेम त्याच्या बाजूने तुटते, आणि बहुधा उतारावरच.

चीर कुठे शोधायची? हँडलखालची उभी नळी आणि खालची तिरकी नळी जिथे मिळतात तो जोड, बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल बसतो त्या खालच्या आडव्या नळीच्या) आसपास, सीटच्या नळीचं वरचं टोक जिथे क्लॅम्प आवळतो, आणि मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या खाचांजवळचे जोड. रंगावरचा ओरखडा आणि खरी चीर यांतला फरक डोळ्यांना कळत नसेल तर डिझेल वापरा. शंकास्पद जागी फडक्याने डिझेल लावा, दहा मिनिटं थांबा, कोरड्या कपड्याने पूर्ण पुसा आणि वर खडूची बारीक पूड चोळा. चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पुडीवर ओली रेघ उमटते. ओरखड्यावर अशी रेघ येत नाही. हँडलखाली तिरक्या नळीच्या पोटाला रंग सुरकुतलेला किंवा फुगलेला दिसला तर समोरून धडक बसलेली आहे असं समजा. तिथे चीर नसली तरी फ्रेम वाकलेली असते.

वाकडेपणा दोऱ्याने कळतो. मागचं चाक काढा. मागच्या एका खाचेला दोरा बांधा, तो पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घाला आणि ताणून दुसऱ्या खाचेला बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. २ ते ३ मिलिमीटरचा फरक चालतो. ५-६ मिलिमीटर असेल तर सायकल एका अंगाने ओढत राहणार, टायर तिरका झिजणार आणि गिअर कधीच मनासारखे लागणार नाहीत. स्टीलची फ्रेम जाणता कारागीर थोडी सरळ करू शकतो, अलॉयला तो खटाटोप करू नये.

सीटचा दांडा हलतो का हेही आत्ताच बघा. स्टीलच्या फ्रेममध्ये अलॉयचा दांडा वर्षानुवर्षं तसाच राहिला की दोन धातूंमध्ये ओलाव्यामुळे गंज धरतो आणि दांडा वेल्ड केल्यासारखा अडकतो. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, सीट काढा, दांडा मोठ्या व्हाइसमध्ये पकडा आणि दोघांनी मिळून फ्रेमच डावी-उजवीकडे फिरवा. दोनदा करूनही सुटला नाही तर या सायकलची सीट कायम याच उंचीवर राहणार, आणि निर्णय त्यावरच घ्यावा लागेल.

म्हणून आता माप घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये सीटसारखं वर दाबून धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत अंतर मोजा. त्याला ०.८८ ने गुणा. हे झालं बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. मांडीपर्यंतची उंची ८२ सेंटिमीटर असेल तर ७२ सेंटिमीटर. दांडा त्यावरच्या ‘इथपर्यंत आत’ अशा रेघेच्या वर न काढता ही उंची मिळत असेल तर सायकल तुमच्या मापाची आहे. आठवीत घेतलेली सायकल कॉलेजात गेलेल्या मुलाला इथेच नापास करते. लांब दांडा मिळतो, पण त्याचा व्यास अचूक लागतो. २५.४, २७.२ आणि मधली बरीच मापं बाजारात आहेत. जुन्या दांड्याच्या खालच्या टोकाला माप कोरलेलं असतं, ते वाचूनच घ्या. ०.२ मिलिमीटरने बारीक दांडा क्लॅम्प कितीही आवळला तरी खाली घसरतो.

चाकं आणि टायरवरचा आकडा

जुनी एमटीबी म्हणजे बहुतेक २६ इंची. ‘२६ चं टायर आता मिळत नाही’ ही भीती आपल्याकडे फोल आहे. शाळकरी मुलांच्या गिअरच्या सायकली अजून याच मापाच्या निघतात, त्यामुळे टायर-ट्यूब तालुक्याच्या दुकानातही मिळते. मात्र टायर आणताना ‘२६ चं द्या’ एवढंच सांगू नका. एमटीबीच्या रिमचं बैठकीचं माप ५५९ मिलिमीटर. साध्या लेडीज सायकलचं २६ × १-३/८ टायर ५९० मिलिमीटरचं. दोघांवर २६ लिहिलेलं असलं तरी एक दुसऱ्यावर बसत नाही. जुन्या टायरच्या कडेला ‘५०-५५९’ असा आकडा शोधा आणि तो फोनमध्ये टिपून न्या. २७.५ इंची म्हणजे ५८४, आणि २९ म्हणजे ६२२. जुन्या २६ इंची फ्रेममध्ये २७.५ चं चाक ‘बसतं’ म्हणून सांगतात. बसतंही, पण रिम-ब्रेकचे पाय ५५९ साठी लावलेले असल्याने रबर रिमवर पोचत नाही.

आता चुंबक रिमला लावा. चिकटलं तर स्टीलची क्रोम रिम. आपल्या पावसात हा मुद्दा इतर सगळ्यांपेक्षा मोठा आहे. ओल्या स्टीलच्या रिमवर रबराची पकड जवळजवळ नाहीशी होते. ब्रेक दाबल्यावर चाक एक-दोन फेरे तसंच फिरतं आणि मग कुठे धरायला लागतं. जुलैत यवतेश्वरच्या उतारावर किंवा सज्जनगडाच्या वळणांवर एवढा उशीर परवडत नाही. सायकल ठेवायची असेल आणि एकच गोष्ट बदलायची ऐपत असेल तर रिम बदला. अलॉय रिम आणि ताजे ब्रेक रबर, बाकी सगळं नंतर.

अलॉय रिम झिजते. लाल चिखलातले खडे रबरात रुततात आणि रिमच्या कडा पॉलिश कागदासारखे घासत नेतात. स्टीलची पट्टी रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पृष्ठभागावर उभी धरा. पट्टीखाली वाटीसारखी खोलगट फट दिसली तर रिम बदलायची वेळ झाली. अशी रिम हवेच्या दाबाने एक दिवस कडेने फाटते.

चाक फिरवून ब्रेकच्या रबराजवळ बघा. २-३ मिलिमीटरचा आउट (डावी-उजवीकडे हेलकावा) स्पोक आवळून निघतो. मात्र एकाच वर्षात मागचे तीन-चार स्पोक हबजवळच्या (चाकाच्या मधल्या भागाजवळच्या) वळणावर तुटले असतील, तर एकेक बदलत बसू नका. सगळेच थकलेत, सगळे बदला. चाक नव्याने बांधणार असाल तर मागचं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चक्रांचा संच) आधी काढून घ्या, मग स्पोक कापा. घाटात दाबून पायडल मारल्याने फ्रीव्हील दरवेळी आटे आणखी आवळत जातं. स्पोक कापल्यावर नुसता हब हातात राहतो आणि फ्रीव्हील सोडवायला पकडच उरत नाही.

मागचा एक्सलही बाहेर काढून काचेच्या टेबलावर लोळवा. फ्रीव्हील आटे पाडून बसवलेल्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, हबच्या मध्याकडे असतात, त्यामुळे एक्सलचं टोक आधाराशिवाय लोंबतं आणि वाकतं. वाकला असेल तर नवीन टाका. छर्रे मागे दर बाजूला १/४ इंचाचे नऊ, पुढे ३/१६ इंचाचे दहा लागतात. जुन्यातले चकाकणारे निवडून परत टाकणारे कारागीर भेटतात. ते करू देऊ नका, छर्रे स्वस्त असतात. कोनच्या (एक्सलवरच्या, छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटाच्या) पट्ट्यावर खड्डे दिसले तर कोनही नवा.

चेन आणि बीबी

चेन इंचाच्या पट्टीने मोजा, चेन सायकलवरच असताना. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवरही एक पिन येते. ती पिन १२-१/१६ वर गेली असेल तर चेन बदला, फ्रीव्हील वाचेल. १२-१/८ वर गेली असेल तर फ्रीव्हीलही गेलं. नुसती नवी चेन टाकली तर चढावर जोर देताच ती दातांवरून कट्कन उडी मारते. पुढच्या चक्राचे दात मांजराच्या नखासारखे वाकलेले दिसले तर तेही.

क्रँक, म्हणजे पायडल लागतात ते दांडे, कसा आहे ते पाहा. डावा क्रँक, बीबीचा एक्सल आणि उजवा क्रँक मिळून एकच वाकवलेली सळई असेल, तर ती सायकल सर्वांत स्वस्त वर्गातली. तिचं बीबीचं भोक मोठं आणि बिनआट्यांचं, पायडलचे आटे अर्ध्या इंचाचे. इतर सायकलींचे ९/१६ इंची पायडल त्यात बसत नाहीत. अशा सायकलीत नवा क्रँक, नवे गिअर घालायच्या फंदात पडू नका. ओव्हरहॉल करा आणि वापरा, किंवा विका. चौकोनी टोकाचा एक्सल असलेली असेल तर पुढे बरंच करता येतं: सीलबंद बीबी बदलता येते, फक्त नळीची रुंदी मोजून न्या, ६८ की ७३ मिलिमीटर. आणि डावा पायडल उलट्या आट्यांचा असतो, हे इथे लिहायची गरज नव्हती, पण दर उन्हाळ्यात कुणीतरी आटे मारतंच.

कंपनीच्या नावाला इथे फारसा अर्थ नाही. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तरी अ‍ॅटलसची सायकल दुरुस्तीविना अडत नाही, कारण तिचे भाग इतर सायकलींसारखेच आहेत. अडचण येते ती मागच्या शॉकअपच्या फ्रेमची. तिचे सांधे, बुश आणि बोल्ट त्या एकाच मॉडेलचे. मागचं चाक हाताने आडवं हलवून बघा. सांध्यात खुळखुळ जाणवली तर ते बुश मिळण्याची आशा धरू नका. लेथवाल्याकडून पितळेचे किंवा नायलॉनचे करून घेता येतात, पण वजनदार फ्रेम आणि मऊ स्प्रिंग यांचं घाटात काय होतं ते बुशने बदलत नाही: प्रत्येक पायडलबरोबर मागचा भाग खाली-वर होतो आणि जोर तिथेच जिरतो. डबल शॉकअपवाली स्वस्तातली सायकल चालती असेल तोवर विका, एवढंच आमचं म्हणणं.

आधी स्वस्त दुरुस्ती, मग निर्णय

फ्रेम आणि माप पास झालं असेल तर लगेच विकायला किंवा बदलायला निघू नका. ब्रेकचे चारही रबर, ब्रेकच्या आणि गिअरच्या आतल्या वायर (आउटर, म्हणजे वायरवरची नळी, फुटली असेल तर तीही), हबचे छर्रे-ग्रीस, चाकांचा आउट आणि चेनला तेल, एवढंच करा. ‘गिअर खराब झालेत’ म्हणून पडून राहिलेल्या बऱ्याच सायकलींमध्ये दोष गंजलेल्या वायरचा निघतो. मग दोन आठवडे ज्या रस्त्याने खरंच जायचंय त्या रस्त्याने चालवा. दोन आठवड्यांत चारदाही बाहेर निघाली नाही तर तिचं रूप बदलूनही निघणार नाही.

पैशांचा हिशोब असा करा. सायकल आज आहे तशी किती रुपयांना जाईल, त्यात दुरुस्तीचा किंवा बदलाचा खर्च मिळवा. आलेली बेरीज, तेच काम करणाऱ्या चालत्या सेकंडहँड सायकलीच्या किमतीपेक्षा कमी असेल तरच पुढे जा. समजा आज ३,००० येतात आणि बदलाला ५,००० लागतात. म्हणजे तुम्ही ८,००० ची सायकल घेताय. ८,००० मध्ये तुमच्या मापाची, बिनशॉकअपची, बऱ्या अवस्थेतली सायकल मिळत असेल तर बदल हा छंद झाला. छंद करावा की, पण त्याला बचत म्हणू नये. आणि घातलेले ५,००० विकताना परत येत नाहीत. घेणारा नव्या टायरचे पैसे देत नाही, तो फक्त टायर जुने असतील तर पैसे कापतो.

विकायची असेल तर

मे-जून हा काळ बरा, शाळा उघडायच्या आधी २६ इंचीला गिऱ्हाईक असतं. दुरुस्ती फक्त ब्रेक, हवा आणि धुलाई इतकीच करा. जाहिरातीत फ्रेमचं माप, चाकाचं माप, ब्रेकचा प्रकार आणि खरा दोष लिहा. ‘तिसऱ्या गिअरला चेन उडते’ असं लिहिलेली सायकल लवकर जाते, कारण निदान बघायला येणारा परत जात नाही. फोटो चेनच्या बाजूने काढा. बीबीच्या खाली कोरलेला फ्रेम नंबर फोटोत देऊ नका, पण स्वतःकडे लिहून ठेवा. व्यवहार झाला की साध्या कागदावर दोघांची नावं, तारीख, रक्कम आणि तो नंबर लिहून सह्या घ्या. सायकलीला आरसी नसते, उद्या चोरीचा प्रश्न आला तर हाच कागद. ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा. पैसे घेताना स्कॅनही करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही.

फ्रेमला चीर असेल तर ती सायकल म्हणून विकू नका. चाकं, सीट, क्रँक, शिफ्टर सुटे काढा आणि फ्रेम करवतीने कापून भंगारात द्या. अख्खी दिली तर रंग मारून ती परत रस्त्यावर येते.

बदलायची असेल तर: कशात?

रोजच्या कामाची सायकल हा सगळ्यांत शहाणपणाचा बदल, आणि त्यातला निम्मा टायरमध्ये आहे. खाचाखाचांचं २.१ इंची टायर डांबरावर घूं घूं करतं आणि पाय भरून आणतं. २६ × १.५ चं गुळगुळीत टायर त्याच रिमवर बसतं, हवा ५० ते ६० पीएसआय. कासच्या बाजूला कच्च्या रस्त्यानेही जायचं असेल तर मधे सलग पट्टी आणि कडेला खाचा असलेलं १.९५ घ्या, ४० च्या आसपास हवा. मग पूर्ण लांबीचे मडगार्ड. सीटखाली अडकवायची प्लास्टिकची जीभ पाठ वाचवते, पण चेन आणि बीबी चिखलातच राहतात. शेवटी मागचा कॅरिअर, साइड स्टँड, घंटी, मागचा लाल दिवा.

पुढचा शॉकअप स्वस्तातला असेल आणि आतून गंजला असेल तर साधा, न दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) बसवा. दीड-दोन किलो उतरतात, मडगार्ड नीट बसतो, हँडल डुलत नाही. इथे तीन मापं चुकतात. एक, स्टेअररचा (फोर्कच्या फ्रेममध्ये शिरणाऱ्या वरच्या नळीचा) व्यास: २५.४ की २८.६ मिलिमीटर. दोन, आटे असलेला की बिनआट्यांचा. आट्यांचा असेल तर लांबीही तितकीच हवी. तीन, एक्सलच्या मध्यापासून फोर्कच्या माथ्यावरील बैठकीपर्यंतची उंची. तुम्ही सीटवर बसल्यावर शॉकअप दबतो, त्या दबलेल्या अवस्थेतली उंची कुणाकडून तरी मोजून घ्या आणि नवा फोर्क त्याच्या एखादा सेंटिमीटर मागेपुढे घ्या. दर २ सेंटिमीटर फरकाला हँडलचा कोन जवळपास एक अंश बदलतो. फोर्क फार बुटका असेल तर सायकल उतारावर चंचल होते आणि पायडल वळणावर जमिनीला लागतं.

घाटासाठी बदलायचं तर मागचं फ्रीव्हील बदला. नेहमीचं पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ दात असं असतं. सर्वांत हलक्या गिअरचा हिशोब (चाकाचा व्यास × पुढचे दात ÷ मागचे दात; आकडा लहान तितका गिअर हलका): २६ × २४ ÷ २८ = २२ इंच. पायडलच्या एका फेऱ्याला सायकल १.८ मीटर जाते. मागे १४ ते ३४ चं सात गिअरचं फ्रीव्हील बसवलं की तेच १८ इंच आणि दीड मीटरच्या आत येतं. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी सव्वापाच किलोमीटरच्या आसपास. चालण्यापेक्षा किंचित जास्त, पण उतरावं लागत नाही. मागचं डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दातांना चालणारं आणि लांब पिंजऱ्याचं हवं. चेनही नवी, लांब. चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून गुंडाळा, जिथे टोकं जुळतात त्यापुढे एक इंच जास्त ठेवून तोडा. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि चुकून मोठ्यावर मोठं लागलं की डिरेलर हँगरसकट (ते ज्या पट्टीला लागतं तिच्यासकट) उपटून स्पोकमध्ये जातं.

ओझ्यासाठी, म्हणजे दुधाचा कॅन, वैरण, गॅसची टाकी, एमटीबीची बिनशॉकअपची स्टील फ्रेम उत्तम. मागे ३६ स्पोकची रिम, सळईचा कॅरिअर, दोन पायांचा स्टँड. कॅरिअरचे बोल्ट फ्रेमच्या भोकांतच बसवा. सीटच्या दांड्याला क्लॅम्प करणारे कॅरिअर वजनाने फिरतात.

एकच गिअर करायची हौस सपाटीला शोभते. पुढे ३२, मागे १६ हे गणित ५२ इंच येतं. सांगलीत छान, साताऱ्यात सायकल हातात धरून चालायची तयारी ठेवा. आणि रेसिंगसारखं खाली वळलेलं हँडल लावू नका. एमटीबीची वरची नळी मुळातच लांब, त्यात हे हँडल पुढे जातं, शिवाय त्याचे ब्रेक लिव्हर व्ही-ब्रेकला (एमटीबीच्या लांब पायांच्या रिम-ब्रेकला) लागणारी वायर पुरेशी ओढत नाहीत. लिव्हर हँडलला टेकतो, सायकल थांबत नाही.

इलेक्ट्रिक किट

चाकात मोटर असलेलं ३६ व्होल्ट, २५० वॅटचं मागचं किट जुन्या एमटीबीला चांगलं जमतं. मागच्या खाचांमधलं अंतर १३५ मिलिमीटर असायला हवं. बऱ्याच किटच्या हबवर आट्यांचं जुनं फ्रीव्हील तसंच चढतं. पुढच्या चाकाची मोटर शॉकअपच्या फोर्कमध्ये कधीही बसवू नका. त्या फोर्कच्या पातळ खाचा फाटतात आणि चाक निघून जातं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार २५० वॅटच्या आतली शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेलं बॅटरीवरचं वाहन, नियमात ठरलेल्या चाचणी संस्थेने तसं तपासून मान्य केलेलं असेल तर, मोटार वाहनात धरलं जात नाही. ‘४० ने पळते, ५०० वॅट’ असं किट घेतलं की ही सवलत संपते, आणि जुन्या व्ही-ब्रेकचाही दम संपतो.

बॅटरी किती? साताऱ्यातून कासचा विचार करा. माणूस, सायकल आणि किट मिळून ९५ किलो, चढ ४५० मीटर. नुसतं वजन वर उचलायलाच ११६ वॅट-तास लागतात. हळू चढताना मोटर वीजेतला साधारण दोन-तृतीयांश भागच कामाला लावते असं धरलं तर १७५. ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे २७० वॅट-तास. रस्त्याचा आणि वाऱ्याचा विरोध धरला तर पाय न मारता जेमतेम पोचाल. १० अँपिअर-तासाची घ्या आणि चढावर हलक्या गिअरमध्ये पाय मारत राहा. वेग ताशी ८-१० च्या खाली गेला की मोटर वीज खाते, गरम होते आणि ओढत नाही. हाताने बॉडी धरवत नसेल इतकी तापली तर थांबा, आतले नायलॉनचे दाते मऊ पडतात.

बॅटरी तिरक्या नळीवर बसवा, मागच्या कॅरिअरवर नको. वायरी खालच्या बाजूला वळसा देऊन आत न्या म्हणजे पावसाचं पाणी वळशावरून गळतं, जोडात शिरत नाही. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर किटबरोबर येतात, ते कटकट वाटली तरी लावाच. महिनोन्‌महिने चालवणार नसाल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवा. पूर्ण रिकामी ठेवलेली लिथियम बॅटरी पावसाळा संपेपर्यंत मरते.

सगळ्यात महत्त्वाचा भाग किटमध्ये बहुतेक वेळा नसतो: टॉर्क आर्म. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा एक्सल तितक्याच जोराने उलटा फिरू पाहतो. खाच अलॉयची असेल तर ती रुंदावते, एक्सल गरकन फिरतो आणि वायर पिळून तुटते. ४-५ मिलिमीटर जाड स्टीलच्या पट्टीला एक्सलच्या चपट्या बाजूंना घट्ट बसेल अशी खाच पाडून घ्या, दुसरं टोक मागच्या नळीला क्लॅम्प करा. पट्टीची दिशा अशी ठेवा की एक्सल उलटा फिरायला गेला तर ती नळीवर दाबली जाईल. पहिल्या ५० किलोमीटरनंतर दोन्ही नट पुन्हा आवळा आणि एक्सलच्या टोकावर व खाचेवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. ती रेघ तुटलेली दिसली की त्या दिवशी घाटात जाऊ नका.